शिक्का नेमका कशावर?

कृष्णाकाठी उसाला कोयता लागला की पारावर तीन प्रश्न फिरू लागतात. तोड कधी मिळणार, पहिला हप्ता किती निघणार आणि वजन कसे पडते आहे. पहिल्याचे उत्तर तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयकडे असते, दुसऱ्याचे संचालक मंडळाकडे. तिसऱ्याचे उत्तर कारखान्याच्या दारातला भुईकाटा देतो. भरलेली ट्रॉली फलाटावर चढते, काचेमागे आकडे धावतात, थांबतात. गव्हाणीवर ऊस खाली करून रिकामी ट्रॉली परत येते, पुन्हा आकडे थांबतात, वजाबाकी होते आणि पावती हातात पडते. त्या गाडीचा हिशोब तिथेच कायमचा बंद होतो. ऊस तोवर गाळपाला गेलेला असतो, त्यामुळे फेरतोल करायचा म्हटला तरी तोलायला काही उरत नाही.

साताऱ्यात कऱ्हाड, पाटण, कोरेगाव, फलटण आणि सांगलीत वाळवा, पलूस, कडेगाव, शिराळा या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च हा व्यवहार रात्रंदिवस चालतो. त्या एका आकड्यावर तिघांचे पोट असते. शेतकऱ्याचे बिल त्यावर निघते. बीडकडून आलेल्या किंवा जतसारख्या दुष्काळी तालुक्यातून निघालेल्या तोडणी मजुरांची मजुरी त्याच टनावर ठरते. वाहतूकदाराचे भाडेही तोच टन ठरवतो. मजुरांमध्ये नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. त्या कोयत्याने फडात घाम गाळून बांधलेल्या मोळ्यांचा मोबदला काट्याच्या खोलीतला एक संगणक सांगतो. काट्याबद्दल बोलताना मजुराचे नाव सहसा निघत नाही, म्हणून हे आधी सांगितले.

सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचे प्रमाणीकरण म्हटले की हिंजवडी किंवा बंगळूर डोळ्यांपुढे येते. पण सातारा-सांगलीत सर्वाधिक माणसांच्या खिशाला थेट हात घालणारे सॉफ्टवेअर कोणते, असा प्रश्न विचारला तर माझे उत्तर भुईकाटा, दूध संकलन केंद्र, विकास सोसायटी आणि रेशन दुकान असे आहे. त्यातही भुईकाटा आधी.

काटामारीचा आरोप या भागात नवा नाही. ऊस दराच्या आंदोलनांत तो वर्षानुवर्षे होत आला आहे. स्वाभिमानी शेतकरी संघटना आणि तिचे नेते राजू शेट्टी यांनी कारखान्यांचे काटे संगणकीय पद्धतीने जोडून त्यांच्यावर बाहेरून लक्ष ठेवता यावे, अशी मागणी लावून धरली. हंगामात महसूल, पोलीस आणि वैधमापन खात्याची भरारी पथके फिरतात. शेतकरी खासगी काट्यावर गाडी तोलून मग कारखान्यावर नेतात आणि दोन पावत्या शेजारी ठेवतात. फरक आला की बोभाटा होतो. प्रत्येक फरकामागे लबाडीच असते, असे मी म्हणणार नाही. तुटलेला ऊस उन्हात वाळतो, वाटेत वजन घटते. फलाटावर चिखल आणि पाचट साचते. दोन काट्यांचे मापांकन वेगळ्या महिन्यांत झालेले असते. कोणत्या कारखान्याने काय केले हा या लेखाचा विषयही नाही. फरक लबाडीचा की चिखलाचा, हे सिद्ध करण्याचे साधन शेतकऱ्याच्या हातात आहे का, हा माझा प्रश्न आहे.

आकडे मांडून पाहू. उसाची रास्त व किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. हिशोबाच्या सोयीसाठी ३,५०० धरू. वीस टनांच्या खेपेत एक टक्का घट म्हणजे २०० किलो, म्हणजे ७०० रुपये. एकरी ४५ टन उतरले तर एकरामागे दीड हजाराच्या वर. हाच एक टक्का हंगामात ८ लाख टन गाळणाऱ्या एखाद्या कारखान्याला लावला तर ८ हजार टन, म्हणजे २ कोटी ८० लाख रुपये. एकेका शेतकऱ्याला जाणवेल न जाणवेल एवढी घट एका जागी गोळा झाली की एवढी मोठी होते.

आता कायदा किती चूक माफ करतो ते पाहा. दहा किलोच्या पटीत वजन दाखवणाऱ्या भुईकाट्याला वीस टनांच्या भाराला पडताळणीच्या वेळी १० किलोपर्यंत चूक चालते. वापरातल्या काट्याला त्याच्या दुप्पट, २० किलो. एक टक्का म्हणजे त्याच्या दहापट. तेव्हा शेतकरी ज्या फरकावरून भांडतो तो खरा असेल, तर तो यंत्राच्या नैसर्गिक चुकीच्या फार बाहेरचा आहे. मापे आणि सवलती कायद्यात इतक्या बारकाईने ठरलेल्या आहेत. अडते ते वेगळ्याच ठिकाणी.

जुना यांत्रिक काटा तरफांचा होता. खाली तरफा आणि सुरीधारा, वर दांडी आणि सरकते वजन. त्यात फेरफार करायचा तर लोखंडाला हात लावावा लागे आणि लोखंडावर खूण राहत असे. निरीक्षक येई, प्रमाणित वजने ठेवी, तपासून शिशाच्या गोळीवर शिक्का मारी. शिक्का शाबूत तर काटा शाबूत, हे समीकरण शेतकऱ्यालाही कळत होते.

इलेक्ट्रॉनिक काट्यात फलाटाखाली लोडसेल असतात. भाराने त्यांचे पोलाद केसाहून कमी वाकते, त्यावर चिकटवलेल्या बारीक पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि काही मिलीव्होल्टचा संकेत निघतो. सगळ्या लोडसेलचे संकेत एका जंक्शन बॉक्समध्ये एकत्र येतात आणि इंडिकेटरकडे जातात. इथपर्यंत वजन नावाची गोष्ट अस्तित्वातच नसते. इंडिकेटरमधला प्रोग्रॅम त्या संकेताचे आकड्यात रूपांतर करतो, गाडी हलत असते म्हणून अनेक नोंदींची सरासरी काढतो, शून्य कुठे धरायचे ते ठरवतो आणि मापांकनाच्या वेळी साठवलेल्या गुणकाने गुणतो. मग किलो दिसतात. तो आकडा केबलमधून शेजारच्या संगणकात जातो. तिथले दुसरे सॉफ्टवेअर गाडी क्रमांक, शेतकऱ्याचा कोड, प्लॉट, उसाची जात जोडते, रिकाम्या गाडीचे वजन वजा करते, यंत्राने तोडलेला ऊस असेल तर पाचटापोटी ठरलेल्या टक्क्यांची वजावट करते आणि पावती छापते. पुढे तोच आकडा बिलात जातो, बिलातून सोसायटीचे कर्ज वळते होते आणि उरलेले बँकेत जमा होते.

या साखळीत लोखंड फक्त पहिल्या टप्प्यावर आहे. पुढे सगळीकडे प्रोग्रॅम आहे. शून्य चुकीच्या जागी धरले, गुणक बदलला, रिकाम्या गाडीचे जुने साठवलेले वजन वापरले किंवा वजावटीचा टक्का वाढवला, तरी फलाट तसाच, पडदा तसाच, शिक्का तसाच. साठवलेले रिकामे वजन वापरण्याची सोय बाजारात मिळणाऱ्या भुईकाटा सॉफ्टवेअरमध्ये सर्रास असते. गर्दीच्या रात्री ती सोयीची, पण ट्रॉलीला चिखल चिकटलेला आहे की नाही हे तिला कळत नाही.

कायदा या सगळ्याला अनोळखी नाही. वैधमापन शास्त्र कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. त्यानुसार काट्याचा नमुना आधी केंद्र सरकारकडून मंजूर करून घ्यावा लागतो, मग प्रत्येक काट्याची जागेवर पडताळणी व मुद्रांकन होते. इलेक्ट्रॉनिक भुईकाट्याची फेरपडताळणी दरवर्षी. नमुन्याच्या चाचण्यांसाठी अहमदाबाद, बंगळूर, भुवनेश्वर, फरिदाबाद अशा ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत भारत १९५६ पासून आहे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जगभर मान्य होणारी नमुना प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार मिळालेला तो तेरावा देश ठरला. याच संघटनेने २००८ साली सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मापनयंत्रांसाठी एक स्वतंत्र दस्तऐवज काढला. मोजमापावर परिणाम करणारा प्रोग्रॅमचा भाग बाकीच्यापासून वेगळा ठेवा, त्याला ओळख द्या आणि ती मागितल्यावर दिसू द्या, कोणी त्यात बदल केला तर त्याची न पुसणारी नोंद राहू द्या, असे त्याचे सार आहे.

जिल्ह्याच्या पातळीवर मात्र निरीक्षकाच्या हातात मुख्यतः प्रमाणित वजनेच असतात. वीस-वीस किलोची वजने टनावारी गोळा करून फलाटावर चढवणे हे अंगमेहनतीचे काम आहे आणि ते मनापासून करणाऱ्या निरीक्षकांबद्दल मला आदर आहे. पण ती परीक्षा एका दिवसाची असते. प्रोग्रॅम त्या दिवशी बरोबर वागला, एवढेच ती सांगते.

परीक्षेच्या दिवशी शहाणे वागणारे सॉफ्टवेअर ही कल्पनेतली गोष्ट नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण उघड झाले. गाडी प्रयोगशाळेत तपासली जात आहे हे इंजिनातल्या प्रोग्रॅमला कळत होते. तेवढ्यापुरता तो धूर आवरत होता आणि रस्त्यावर आल्यावर सोडून देत होता. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत तो होता आणि सगळ्यांना रीतसर प्रमाणपत्रे मिळालेली होती. आपल्याकडे २०१७ साली उत्तर प्रदेशात पेट्रोल पंपांच्या यंत्रांत दूरनियंत्रकाने चालणाऱ्या चिप सापडल्या, पाठोपाठ ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातल्या पंपांवर छापे घातले. तपासनीस आला की बटण दाबायचे आणि माप पूर्ण द्यायचे, अशी ती रचना. त्या पंपांवरही पडताळणीचे शिक्के होतेच.

मग प्रमाणपत्र कशाचे द्यायचे? या प्रश्नावर सॉफ्टवेअरच्या जगात बरीच वर्षे विचार झाला आहे, आणि त्यात भारताची वाट जरा वेगळी गेली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेने काम करण्याच्या पद्धतीची परिपक्वता मोजणारी पाच पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली. सीएमएम हे तिचे नाव. भारतीय कंपन्यांनी ती झपाट्याने आत्मसात केली आणि २००० च्या आसपास पाचव्या पायरीवर पोहोचलेल्या संस्थांमध्ये भारतीय नावे मोठ्या संख्येने होती. त्या प्रमाणपत्रांनी परदेशी गिऱ्हाइकांचा विश्वास मिळवला, त्याचे मोल कमी नाही. पण ते प्रमाणपत्र कामाच्या पद्धतीचे होते. शिस्तशीर पद्धतीने तयार झालेली वस्तू बहुधा चांगली असेल, एवढाच भरवसा त्यात आहे. कारखान्याच्या फाटकावरची आयएसओ ९००१ ची पाटीही त्याच जातीची. काट्याच्या खोलीतला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही, यावर ती काही बोलत नाही.

प्रत्यक्ष वस्तूच्या गुणवत्तेसाठी वेगळे मानक आहे, आयएसओ २५०१०. २०११ च्या आवृत्तीत आठ गुण होते: कामाला योग्य असणे, विश्वासार्हता, सुरक्षितता, वापरायची सोय वगैरे. २०२३ मध्ये माणसाला इजा न होण्याचा गुण वेगळा जोडला गेला. त्या मानकात अप्रत्यक्ष वापरकर्त्याचीही दखल आहे. म्हणजे यंत्राला हात न लावणारा, पण त्याचा निकाल ज्याच्या वाट्याला येतो असा माणूस. ऊसउत्पादक नेमका तोच आहे. काटा त्याने विकत घेतलेला नाही, चालवतही नाही. सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी कारखान्याला उत्तरदायी, कारखान्याचा कर्मचारी व्यवस्थापनाला उत्तरदायी. ज्याचा पैसा त्या आकड्यातून जातो तो या व्यवहारात कोणाचाच गिऱ्हाईक नाही. मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हेच: गुणवत्तेचे प्रमाणपत्र नेहमी विकत घेणारा मागतो, आणि इथे नुकसान होऊ शकते ते विकत न घेणाऱ्याचे.

दुधाचे तसेच आहे. भिलवडीच्या चितळे डेअरीसारख्या १९३९ पासूनच्या उद्योगाने जनावरांच्या कानात आरएफआयडी बिल्ले घालण्यापर्यंत मजल मारली, तेव्हा हा मुलूख तंत्राला बुजणारा नाही. पण गावच्या संकलन केंद्रावर किटली घेऊन उभ्या असलेल्या बाईला फॅट आणि एसएनएफचा, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन घटकांचा, आकडा एक छोटे यंत्र काही सेकंदांत सांगते, आणि दरपत्रक संगणकात आधीच भरलेले असते. पूर्वी आम्ल घालून, नळी फिरवून गर्बर पद्धतीने फॅट काढत, ती डोळ्यांना दिसे. आता पॉइंट कमी लागला तर विचारायचे कोणाला? या यंत्रांची नियमित, सक्तीची तपासणी व्हावी अशी मागणी दूधउत्पादकांच्या संघटना करत आल्या आहेत.

गावात एक यंत्र मात्र असे आहे की ज्याचा महत्त्वाचा भाग खरोखर त्रयस्थ प्रयोगशाळेतून उतरलेला असतो. रेशन दुकानातल्या ई-पॉसवर आपण बोट ठेवतो, तो ठसे घेणारा भाग एसटीक्यूसीने प्रमाणित केलेला असावा लागतो. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा हा विभाग १९८० पासून काम करतो. त्याच्या प्रयोगशाळा मुंबईत आणि पुण्यात आहेत, मतदान यंत्रांची तपासणीही तोच करतो. म्हणजे व्यवस्था नाही असे नाही. आधारसाठी आणि मतासाठी जी काळजी घ्यावीशी वाटली, ती उसाच्या टनासाठी तेवढ्याच निकराने घ्यावीशी वाटलेली नाही.

विकास सोसायट्यांचे संगणकीकरण सुरू आहे. देशातल्या अशा ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांना एकाच सॉफ्टवेअरवर आणण्याची २,५१६ कोटींची योजना केंद्राने जून २०२२ मध्ये मंजूर केली. हेतू चांगला आहे. पण तिथेही सभासदाच्या खात्यावर आकडा चुकीचा आला तर त्याने काय करायचे, हे आधी ठरले पाहिजे. ब्रिटनच्या टपाल खात्यात ते ठरले नव्हते. होरायझन नावाचे हिशोबाचे सॉफ्टवेअर तिथे १९९९ पासून गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत बसवले. त्यात रक्कम कमी दिसू लागली आणि नऊशेहून अधिक लहान पोस्टमास्तरांना चोर ठरवले गेले. कोणी तुरुंगात गेले, कोणी घर विकून न घेतलेले पैसे भरले. सॉफ्टवेअर सदोष होते हे लंडनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केले आणि २०२४ साली खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. संगणक बरोबरच असणार, असे गृहीत धरण्याची तिथल्या न्यायालयांची रीत होती. बिचाऱ्या माणसाने तो चूक असल्याचे सिद्ध करायचे, आणि आत पाहायची तर त्याला परवानगी नाही.

आपल्या कायद्यात एक दार उघडलेले आहे, त्याकडे शेतकरी संघटनांच्या वकिलांनी लक्ष द्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात आणायची तर सोबतच्या प्रमाणपत्रात तिचे हॅश मूल्य द्यावे लागते. हॅश म्हणजे संगणकातल्या कोणत्याही फाइलवरून गणिताने काढलेली एक ठराविक लांबीची खूण. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीत ती ६४ अक्षर-अंकांची असते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी खूण बदलते, आणि खुणेवरून उलट फाइल तयार करता येत नाही. माणसाच्या अंगठ्याचे जे काम, तेच प्रोग्रॅमच्या बाबतीत या खुणेचे.

हे जर न्यायालयात चालते तर काट्याच्या खोलीतही चालायला हवे. नमुना मंजूर होतो तेव्हा त्यातल्या प्रोग्रॅमची खूण काढून मंजुरीच्या कागदावर छापावी. वार्षिक पडताळणीला निरीक्षकाने वजने ठेवण्याआधी ती खूण जुळवावी, न जुळल्यास पुढची परीक्षा थांबवावी. मापांकनाचा गुणक जितक्या वेळा बदलला तितक्या वेळा इंडिकेटरमधला मोजणीचा आकडा आपोआप वाढावा. तो कोणालाही मागे आणता येऊ नये आणि शेतकऱ्याच्या पावतीवर वजनाखाली छापला जावा. पडताळणीच्या दिवशी तो १४ होता आणि जानेवारीत पावतीवर १५ आला, तर पारावर बसलेल्या माणसालाही कळेल की मध्ये कोणीतरी हात घातला आहे. पावतीवर रिकाम्या गाडीचे वजन त्या वेळी घेतलेले की साठवलेले, तेही छापले जावे. वजावट किती टक्के, तीही. या गोष्टींना नवा शोध लागत नाही, बहुतेक इंडिकेटरांत आणि सॉफ्टवेअरांत थोड्या कामाने त्या येऊ शकतात. हॅश जुळली म्हणजे प्रोग्रॅम निर्दोष ठरला असेही नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. मंजूर झाला तोच प्रोग्रॅम चालू आहे, एवढेच त्यातून कळते. तो मुळात बरोबर होता का, हे प्रयोगशाळेनेच पाहायचे. आणि जंक्शन बॉक्समध्ये कोणी बाहेरून संकेत मिसळला तर हॅशला ते दिसणार नाही, त्यासाठी शिशाची गोळी आणि निरीक्षकाची नजर लागणारच.

माणसेही इथेच आहेत. सांगलीच्या विश्रामबागेत १९४७ साली सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, कऱ्हाडचे १९६० चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, राजारामनगरची १९८३ ची संस्था. तिन्ही ठिकाणची मुले उसाच्या घरांतली आहेत. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून दूरच्या बँकेचे काल्पनिक ॲप करण्यापेक्षा त्यांनी खात्याच्या परवानगीने एका भुईकाट्याचे सॉफ्टवेअर तपासावे, निकाल सगळ्यांसमोर मांडावा. एसटीक्यूसीची पुण्याची प्रयोगशाळा चार तासांच्या अंतरावर आहे.

यात कारखान्यांचा तोटा नाही, असे माझे ठाम मत आहे. प्रामाणिक कारखान्याला आज आपला प्रामाणिकपणा दाखवायला जागाच नाही. शेजारच्याच्या बदनामीत तोही भरडला जातो. या दोन जिल्ह्यांत, १९४९ पर्यंत एकच असलेल्या या मुलखात, सहकार उभा राहिला तो माणसांच्या शब्दावर. वाळव्याचा हुतात्मा किसन अहीर कारखाना नागनाथअण्णा नायकवडींनी उभारला, कुंडलच्या कारखान्याला जी. डी. बापू लाड यांचे नाव आहे. दोघेही ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या लढ्यातले. त्या पिढीला शेतकरी चेहऱ्याने ओळखत होता. प्रोग्रॅमला चेहरा नसतो, म्हणून त्याची ओळख कागदावर मागावी लागते.

सहकारी कारखान्याचा मालक सभासद आहे. वार्षिक सभेत दर, बोनस आणि साखर यांवर तास जातात. तिथेच ठराव मांडता येईल: हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर पेटतो, गव्हाणीची आणि काट्याची पूजा होते, त्या दिवशी सभासदांसमोर काट्याच्या प्रोग्रॅमची आवृत्ती, त्याची हॅश आणि मापांकनाचा मोजणी-आकडा वाचून दाखवावा आणि गाडीअड्ड्यावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा, हंगाम संपून पट्टी पडेपर्यंत तो पुसू नये. तोडणी मुकादमांनाही त्या दिवशी बोलवावे.